चित्रातली मोलकरीण आणि कायद्यातली
पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत कामाला येणाऱ्या बायकांनी कोणती लिफ्ट वापरावी आणि त्यांच्या खाड्यांचे पैसे कापावेत का, असा वाद पेटला की आम्हा परदेशस्थांपैकी कोणीतरी हमखास सांगतो, की युरोपात श्रमाला प्रतिष्ठा आहे. या म्हणण्याचा सर्वांत देखणा पुरावा मी राहतो त्या ॲम्स्टरडॅममध्येच, राइक्स म्युझियममध्ये आहे: डच चित्रकार व्हर्मिअरने १६५८ ते १६६० च्या सुमारास रंगवलेली, दूध ओतणारी मोलकरीण.

त्या काळच्या डच चित्रांत मोलकरीण बहुधा थट्टेचा विषय असे. निकोलास मास याच्या १६५५ मधील चित्रात ती जमिनीवर पसरलेल्या भांड्यांपाशी डुलकी घेते आहे आणि तिच्याकडे बोट दाखवत मालकीण आपल्याकडे पाहून हसते आहे. व्हर्मिअरने मात्र आपल्या मोलकरणीच्या निळ्या वस्त्राला अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून केलेला, अत्यंत महागडा रंग वापरला. तिच्या मागे त्याने आधी सुरया अडकवण्याची फळी रंगवायला घेतली होती, असे २०२२ मध्ये तपासणीतून दिसले. ती पुसून त्याने भिंत मोकळी ठेवली, म्हणून नजर तिच्यावरून हलत नाही.

हा मान मात्र चित्रकाराने दिलेला आहे, राज्याने नव्हे. आजच्या डच कायद्यात एखाद्या घरी आठवड्यातून जास्तीत जास्त तीन दिवस काम करणाऱ्या बाईला आजारपणात सहा आठवडेच वेतन मिळते, इतर कामगारांना दोन वर्षे. बेकारी विमाही तिला आपोआप लागू होत नाही. त्यातल्या अनेकजणी परदेशातून आलेल्या, काही तर कागदपत्रांविना राहणाऱ्या असल्याने तक्रारीचा सूरही फारसा उमटत नाही. घरकामगारांविषयीचा २०११ चा आंतरराष्ट्रीय करार नेदरलँड्सनेही मंजूर केलेला नाही आणि भारतानेही नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये कल्याण मंडळाचा स्वतंत्र कायदा तरी केला, जरी त्याचा भर हक्कांपेक्षा योजनांवरच असला.

वेगळ्या लिफ्टचे समर्थन मी करणार नाही. ती शुद्ध शिवाशिव आहे. पण लिफ्ट एक केली, बाईंना ‘ताई’ म्हटले, दिवाळीला साडी दिली, आणि खाड्याचे पैसे कापणे चालूच ठेवले, तर तिच्या हाती काय पडले? इथे नेदरलँड्समध्ये किमान वेतन आणि वर्षाला चार आठवड्यांची पगारी रजा तिच्या हक्काची आहे. परदेशाचा दाखला द्यायचाच असेल, तर सोसायटीच्या सभेत या रजेचा द्यावा.