भाऊजी, तो कंटेनर तुम्हीच घ्या

सकाळी साडेसात. तव्यावर पोळी, शेजारच्या शेगडीवर बटाट्याची भाजी, आणि फॅमिली ग्रुपवर भाऊजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं रील. मुरबाडकडचा कुठलातरी हिरवा माळ, त्यावर निळा रंगवलेला लोखंडी कंटेनर, पुढे वेताच्या दोन खुर्च्या, मागे बासरी. 'फक्त सहा लाखांत स्वतःचं घर!' आणि खाली भाऊजींचा निरोप, "ठाण्यातच राहायचा हट्ट सोडा आता. जरा वेगळा विचार करा." शेवटी हात जोडलेला इमोजी.

पोळी करपली. मीच खाल्ली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. मालकमंडळींना भाडं, कॉर्पसचे एकरकमी पैसे, वाढीव जागा. आम्ही लीव्ह अँड लायसन्सवाले भाडेकरू, आमच्या वाट्याला 'मेअखेर खाली करा'. तक्रार नाही, दोन पावसाळे जिन्याला टेकू लावूनच काढलेत. पण दोन महिने रोज कुणीतरी उठून मला सांगतंय की अमक्या ठिकाणी जा, तिथे स्वस्त आहे. सांगणाऱ्या प्रत्येकाच्या नावावर घर आहे. भाऊजींची तर घोडबंदर रोडला दोन आहेत.

कंटेनरचंच बघू. २० बाय ८, म्हणजे १६० चौरस फूट. चार माणसं, आणि मे महिन्यात डोक्यावर पत्रा. ठेवायचा कुठे? शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, म्हणजे एनए, बिगरशेती प्लॉट आला, त्याचे पैसे रीलमध्ये नाहीत. बोअरवेल नाही, सेप्टिक टँक नाही, विजेचा खांब नाही. बासरी तेवढी आहे.

मी काही न बघता बोलत नाहीये. दोन महिन्यांत आम्ही अकरा जागा पाहिल्या. आई सोबत असते, आणि तिच्या पिशवीत एक सुतळी. तिला तीन गाठी. पहिली गाठ म्हणजे तिच्या शिलाई मशीनची लांबी, पुढची लोखंडी कपाटाची, शेवटची खाटेची. टेप आहे घरात, पण आकडे वाचायला चष्मा लागतो आणि गाठ बोटाला कळते, असं तिचं म्हणणं. कुठल्याही घरात शिरली की ती आधी भिंतीला सुतळी लावते. ब्रोकर हसतात. पहिल्या दिवशी मलाही लाजल्यासारखं झालं होतं.

बदलापूरला सँपल फ्लॅट बघितला. ३८ लाख, सगळं धरून. "भाड्याएवढाच हप्ता बसेल मॅडम." बरोबर आहे त्याचं, तीस लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी घेतलं तर साडेआठ टक्क्यांनी हप्ता २६ हजारांच्या आसपास येतो, आणि आज मी २४ हजार भाडं भरते. बेडरूम छान मोठी वाटली. आईने बेडला सुतळी लावली आणि माझ्याकडे बघितलं. गाठ बेडच्या बाहेर चांगली वीतभर लोंबत होती. बेडच आखूड बनवलेला! खोली मोठी दिसावी म्हणून. दारंही बसवलेली नव्हती. आईने विचारलं, मशीन कुठे ठेवायचं? तो गोरागोमटा मुलगा गोड हसून म्हणाला, "मावशी, मशीन कशाला आता? आराम करा की."

तिथेच माझ्यासाठी तो फ्लॅट संपला.

कारण आईचं मशीन म्हणजे शोभेची वस्तू नाही. बाबा गेल्यापासून ती फॉल-पिको करते, ब्लाउज उसवून देते, टीप घालून देते. तिची गिऱ्हाइकं गोखले रोडपासून पाचपाखाडीपर्यंतची. चालत येतात, साडी टाकतात, अर्धा तास बसून सुनेबद्दल बोलतात आणि जातात. त्या बायका फॉल लावायला बदलापूरला येणार आहेत का? आईचे महिन्याचे पाच-सहा हजार, तिची औषधं, तिचा ताठ कणा, हे कुठल्या हप्त्यात धरायचं?

बदलापूरच्या मैत्रिणींनो, चिडू नका. हवा चांगली आहे, मोकळं आहे, मान्य. तुमच्यातल्या दोघीतिघींनी तिथे सोन्यासारखे संसार केलेत. झालं, कबूल केलं. आता पुढचं ऐका.

माझी नोकरी वागळे इस्टेटला, नवऱ्याची रबाळ्याला. आज मी नऊला घर सोडते. बदलापूरहून सातला निघावं लागेल. ठाण्याला उतरायचं तर लेडीज डब्यात डोंबिवलीपासूनच दाराकडे सरकत राहायचं, नाहीतर गाडी पुढे घेऊन जाते. नवऱ्याला ठाण्याला उतरून पुन्हा ट्रान्स-हार्बरची लोकल. २०२५च्या जूनमध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं लोकलमधून पडून गेली, ती काय हौसेने लटकली होती? परवडणारं घर जिथे मिळालं तिथून यायचं होतं त्यांना. आणि सातची गाडी म्हणजे साडेचारला कुकर. तो लावणार कोण, ते सांगायला नको. घर स्वस्त होतं ते माझ्या झोपेवर, आणि या हिशोबात तो रकाना कधीच नसतो.

"मग सिडकोचा फॉर्म भर." तळोज्याची पंचवीस-सव्वीस लाखांची घरं मीही बघितली, पण ती अत्यल्प उत्पन्न गटाची. वर्षाला सहा लाखांची मर्यादा, आणि आम्ही दोघं मिळून थोडे वर. गरीबही नीट नाही आम्ही. "मग डोंबिवलीला गावाकडे घे, निम्म्यात मिळेल." तिथल्या त्या ६५ बेकायदा इमारती विसरलात? महारेराची, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, खोटी प्रमाणपत्रं, आणि शेवटी पाडायचा आदेश हायकोर्टाचा. लोकांनी बँकेचं कर्ज काढून घेतलेली घरं होती ती. उलवे मात्र मनापासून आवडलं, रुंद रस्ते, समोर डोंगर. पण ठाण्याहून नेरूळला गाडी बदला आणि मग उरणच्या लोकलची वाट बघा. नवऱ्याला जमेल कदाचित. मला नाही, आईला तर नाहीच. आणि लेकाची मराठी शाळा, आठवीत मुलाला कुठे उपटून लावू?

जरा जास्तच लिहिलं गेलं. भाऊजी मनाचे वाईट नाहीत. बाबांच्या वेळी हॉस्पिटलात तीन रात्री बाकावर झोपले होते, ते मी विसरलेली नाही. पण भाऊजी, घोडबंदर रोडवर गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास एसी लावून बसल्यावर तुम्ही ग्रुपवर जे व्हॉइस मेसेज टाकता ना, ते आम्ही सगळे ऐकतो. तेव्हा हट्ट कुणाचा असतो?

काल संध्याकाळी कोपरीला एक खोली बघितली. बैठी चाळ, पुढे ओटा, मागे मोरी. हेवी डिपॉझिट दहा लाख, भाडं नाही, करार रजिस्टर करून देतो म्हणाले. बाबांचे आलेले पैसे आणि माझी एफडी मोडली तर होतं. संडास चाळीच्या टोकाला, सहा घरांत दोन. लेकाने तोंड वाकडं केलं, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं. नवरा गप्प होता. दहा लाख परत मिळतील का, हेच त्याच्या डोक्यात, आणि त्यात त्याचं चूक नाही.

आईने सुतळी काढली. खाट बसली. कपाट दोन बोटं जास्त होत होतं. तिने तिथल्या तिथे मधली गाठ सोडवली, दाताने, आणि म्हणाली, "कपाट ताईकडे टाकू." मग दाराशी जाऊन पुन्हा सुतळी लावली. "मशीन इथे. उजेड येतोय. आणि स्टेशनवरून पूल उतरलं की गिऱ्हाइकाला सरळ रस्ता आहे."

मालकिणीने विचारलं, "आजी, फॉलचे किती घेता?"

उद्या सकाळी करार वाचायला वकिलाकडे जायचंय. ताई, कपाट ठेवायला जागा आहे ना गं तुझ्याकडे? भाऊजींना विचारून सांग.