मधमाशीला जाळीचे मोजे कशाला?

डोकं फिरलंय माझं. इथे न्यू जर्सीत शुक्रवारी हॅलोविन, म्हणजे पोरांनी सोंग घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागायचा दिवस, आज रविवार, दिवाळीच्या चकल्या अजून डब्यात आहेत आणि काल मी पावणेतीन तास कॉस्च्युमच्या दुकानांत घालवून हात हलवत घरी आले. येताना गाडीत लेक रडली, मी तिच्यावर ओरडले, मग सिग्नलला मीच रडले, आणि हे सगळं कशासाठी, तर एका मधमाशीसाठी. मधमाशी हो! परी नाही, राजकन्या नाही, साधी मधमाशी.

माझी लेक नऊ वर्षांची. गेल्या वर्षी शाळेत मधमाश्यांवर प्रोजेक्ट केलं तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. जेवताना मधमाश्या, आंघोळ करताना मधमाश्या. कामकरी माश्या सगळ्या बायकाच असतात हे तिने आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की माझा नवरा आता ऑफिसला निघताना 'निघतो गं वर्कर' म्हणतो. उन्हाळ्यातली कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते हे कळलं त्या दिवशी बाईसाहेब जेवल्या नव्हत्या. तर यंदा तिला व्हायचं होतं कामकरी माशी, राणी नव्हे, हे ठणकावून सांगितलेलं. तिच्या अटी तीन. पोट जाड आणि केसाळ पाहिजे, पंख चार पाहिजेत, आणि मागच्या पायांना परागकणांचे पिवळे गोळे पाहिजेत. मला वाटलं काय सोप्पंय, मधमाशी तर सगळीकडे मिळते.

मिळते ना. दोन वर्षांच्या बाळाला मिळते. काय गोड मधमाशी असते ती, गुबगुबीत, पोटात कापूस भरलेला, डोक्यावर टोपडं, त्याला डुलणाऱ्या दोन मिश्या, बाळ चालायला लागलं की मोदकाला पाय फुटल्यासारखं दिसतं. चार ते सहाच्या साइझपर्यंत पण ठीक चाललेलं असतं. पण सात-आठच्या रॅकपाशी या की तीच मधमाशी एकदम डाएट करून आलेली! पोट गायब. कमरेला काळी दोरी आवळून बांधायचं काचोळीसारखं काहीतरी, खाली वीतभर जाळीचा घेर, खांद्यावर दोन बारीक पट्ट्या, पायात गुडघ्याच्या वर जाणारे जाळीचे मोजे, आणि ते मोजे पाकिटात येतच नाहीत, ते वेगळे विकत घ्यायचे. पाकिटावरच्या फोटोतली मुलगी माझ्या लेकीएवढीच असेल, लिपस्टिक लावून, कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून उभी. आणि नाव? नुसतं 'बी' नाही चालत आता, पुढे 'सॅसी' नाहीतर 'डिव्हा' असं काहीतरी चिकटवलेलंच पाहिजे. किंमत ३९.९९ डॉलर. चाळीस डॉलरला एवढंसं कापड, इतकं पातळ की पलीकडची ट्यूबलाइट दिसत होती.

तरी म्हटलं घालून तर बघू दे, अंगावर वेगळं दिसत असेल. ट्रायल रूममधून पाच मिनिटं आवाज नाही. मग दार किलकिलं करून हळूच विचारते, 'आई, यात खाली कसं बसायचं?' दोन्ही हातांनी तो घेर खाली ओढत उभी होती. शाळेत परेड झाली की सगळ्यांना जमिनीवर मांडी घालून बसवतात, तिला त्याचं टेन्शन. आणि लगेच पुढचं, 'आणि पंख दोनच आहेत गं.' तिची तक्रार ही! तिला त्या कपड्यात काय चुकलंय ते नेमकं सांगताही येत नाहीये, फक्त बसता येत नाहीये आणि पंख कमी आहेत. मला तिथेच त्या काउंटरवरच्या पोराला धरून विचारावंसं वाटलं की बाबा रे, हे ज्याने डिझाइन केलं त्याने नऊ वर्षांचं मूल कधी जवळून पाहिलंय का? ते पळतं, ते पडतं, ते फुटपाथवर फतकल मारून गोळ्या-चॉकलेटं मोजत बसतं. पण तो पोरगा बिचारा स्वतःच सतरा-अठराचा, हॅलोविनपुरता कामाला लागलेला, त्याला काय बोलणार.

आणि आता ऐका. त्याच पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात सूचना. तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, लहान भाग घशात अडकू शकतात. आगीपासून लांब ठेवा. म्हणजे बटणाचा धोका कुठल्या वयाला आहे ते यांनी बसून ठरवलंय, छापलंय, सगळं केलंय. विचार करायला माणसं आहेत यांच्याकडे! मग सात वर्षांच्या मुलीला आवळलेली कंबर कशाला लागते हा प्रश्न त्या मीटिंगमध्ये एकालाही पडला नाही?

शेजारच्या रांगेत कुत्र्यांचे कॉस्च्युम. तिथे पण मधमाशी होती. शप्पथ सांगते, कुत्र्याच्या मधमाशीला पोट झाकलेलं होतं, पाठ झाकलेली होती, वर हुडी पण होती. नॅशनल रिटेल फेडरेशन या दुकानदारांच्या संघटनेचा २०२३ चा अंदाज वाचला होता, त्या वर्षी अमेरिकेत मुलांच्या कॉस्च्युमवर १.४ अब्ज डॉलर आणि पाळीव प्राण्यांच्या कॉस्च्युमवर ७० कोटी. म्हणजे कुत्र्यावर निम्मा खर्च आणि कापड मात्र दुप्पट.

मुलांच्या, म्हणजे मुलग्यांच्या रांगेत गेले, म्हटलं तिथून काही जमतंय का बघू. तिथे वेगळंच नरक. फायर फायटर आहे, त्याला लांब कोट, पँट, हेल्मेट, सगळं रीतसर (मुलींच्या फायर फायटरला लाल स्कर्ट, ती कुठली आग विझवणार देव जाणे). पण त्याच्या पुढे निम्मी भिंत रक्ताची. एक मुखवटा असा की हातातला पंप दाबला की चेहऱ्यावरून रक्ताचे ओघळ वाहतात. साइझ चार ते सहा! ज्या सिनेमातला तो खुनी आहे त्याला आर रेटिंग आहे, म्हणजे सतराच्या खालच्या पोराला मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय थिएटरात आत सोडत नाहीत, पण के.जी.तल्या पोराने त्याच खुन्याचा चेहरा लावून शेजारच्या आजींची बेल वाजवली की 'ओ सो क्यूट'. २०२१ ला ते स्क्विड गेमचं खूळ आलं (हरला की ठार, अशा खेळांची मालिका) तेव्हा न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजजवळच्या एका स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या तीन प्राथमिक शाळांनी ते कॉस्च्युमच बंद केले, कारण पोरं मधल्या सुट्टीत त्यातले खेळ खेळायला लागली होती. मालिकेला रेटिंग टीव्ही-एमए, म्हणजे मोठ्यांसाठी. आणि बघणारी पोरं दुसरी-तिसरीतली. मी शाळेला दोष देत नाही, पण ती मालिका पोरांच्या बेडरूममध्ये शाळेने नव्हती लावली ना?

आमच्या शाळेचं पण ईमेल आलंय. शस्त्रं नकोत, रक्त नको, मुखवटे नकोत, आणि शेवटी एक ओळ, कॉस्च्युम 'एज-अप्रोप्रिएट' असावेत. बस. म्हणजे काय ते विचारू नका. तलवार नको हे कळतं, दिसते ती. पण हे एज-अप्रोप्रिएट कोणी मोजायचं, कशाने मोजायचं, टेप घेऊन? दुकानात 'गर्ल्स ८-१०' असं लेबल लावून विकतायत, मग ते त्यांच्या हिशोबाने अप्रोप्रिएटच झालं की. आणि समजा आईबापांनी तेच घेतलं कारण दुसरं नव्हतंच, तर गेटवर मान खाली घालून उभी राहणार ती नऊ वर्षांची पोर. दुकानदार नाही, डिझायनर नाही, ती.

बरं, हे मी आमच्या आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं तर काय उत्तरं आली असतील? एक म्हणाली अगं किती ओव्हरथिंक करतेस, एक दिवसाचा प्रश्न आहे. दुसरीने नुसते हसरे चेहरे पाठवले. आणि तिसरीने लिहिलं की म्हणूनच आपले संस्कार जपायला हवेत, हे गोऱ्यांचे सण पाळायचेच कशाला. ते वाचून मी अजून भडकले. कारण मॅडम, दीड महिन्यापूर्वी गणपतीच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसून तुम्हीच शिट्टी मारली होतीत, आठवतंय का? स्टेजवर सात-आठ वर्षांच्या पोरी नऊवारी नेसून, नाकात नथ, ओठ लालभडक, लावणीवर नाचत होत्या, मोठ्या बाईने करायच्या अदा, ओठ चावणं, डोळा मारणं, आणि समोर सगळे काका-मामा फोन वर करून शूटिंग करतायत. लावणीबद्दल मला एक शब्द वाईट बोलायचा नाही, मला जाम आवडते, पण तो मोठ्या बाईचा शृंगार आहे, त्या पोरींना त्या शब्दांचा अर्थ तरी कोणी सांगितला होता का? नऊवार कापड असलं म्हणून आपोआप वयाला शोभेसं होत नाही. भारतात २०१९ मध्ये माहिती-प्रसारण मंत्रालयाला टीव्ही चॅनेलांना लेखी सांगायची वेळ आली होती की डान्स रिअॅलिटी शोमध्ये लहान मुलांना मोठ्यांसारखे हावभाव करायला लावू नका. तेव्हा गोरे आणि आपण असलं काही काढू नका, दोन्हीकडे तीच गंमत चाललीये, मोठ्यांना पोरांमध्ये छोटी मोठी माणसं बघायला मजा येते.

आणि ओव्हरथिंकचं म्हणाल तर २०१३ मध्ये इथल्या एका भल्यामोठ्या चेनने दोन-तीन वर्षांच्या मुलींसाठी 'नॉटी लेपर्ड' नावाचा ड्रेस शेल्फवर लावला होता. दोन वर्षांच्या बाळाला, जे अजून डायपरमध्ये आहे! लोकांनी बोंब मारली, मग काढला. म्हणजे बोंब मारली की काढतात, म्हणून मी बोंब मारतेय. त्याच्याही आधी, २००७ ला, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने मुलींना अकाली मोठ्या बायकांसारखं दाखवण्यावर अख्खा रिपोर्ट काढला होता, स्वतःच्या शरीराची लाज, खाण्याचे विकार, नैराश्य, याचा त्याच्याशी संबंध आहे म्हणून. अठरा वर्षं झाली त्याला. त्या वर्षी जन्मलेली मुलगी आता कॉलेजात गेली आणि रॅकवर अजून तेच.

एक स्पष्ट करते, म्हणजे कोणी अंगावर येऊ नका. ज्या मुलीला चमचम हवीये, ट्युटू हवाय, राजकन्या व्हायचंय तिला होऊ दे की, माझं काही म्हणणं नाही. माझी पण चार वर्षांची असताना अख्खा एक महिना निळा झगा काढत नव्हती. राग याचा आहे की दुसरा पर्यायच नाही. जाड मधमाशी हवी असेल तर वय वर्षं तीन तरी असा नाहीतर कुत्रा तरी असा.

आणि थंडी! ३१ ऑक्टोबरच्या रात्री न्यू जर्सीत पंचेचाळीस-पन्नास फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्याकडचं सात ते दहा सेल्सिअस. बिनबाह्यांचं आणि वीतभर घेराचं घालून पोरं दोन तास दारोदार हिंडणार, म्हणजे शेवटी वरून ते फुगीर जॅकेट चढवायचंच. दरवर्षी आमच्या गल्लीत वेगवेगळ्या रंगांची जॅकेटं फिरत असतात, आत कोण परी आणि कोण चेटकीण ते देवालाच ठाऊक. नवरा म्हणतो तेच तर, जॅकेटने झाकलं जाणारच आहे मग घे ना कुठलंही, कशाला एवढा जीव जाळतेस. याला काय बोलायचं सांगा. चाळीस डॉलर द्यायचे, ते झाकायला जॅकेट घालायचं, आणि पोरीला शाळेत खाली बसता येत नाही ते वेगळंच.

रात्री सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या दिवाळीसाठी सांगलीहून आल्यात, थंडीने आधीच वैतागलेल्या. त्यांनी पाकिटाचा फोटो चष्मा लावून, झूम करून नीट पाहिला, मला वाटलं आता लेक्चर. तर म्हणाल्या, 'ही गांधीलमाशी आहे गं. मधमाशी कुठे एवढी बारीक असते?' आणि लेक सोफ्यावरून उडीच मारून, 'येस आजी! एक्झॅक्टली!' पावणेतीन तास दुकानांत जे मला नीट मांडता आलं नाही ते यांनी एका वाक्यात मिटवलं. मग बॅगेतून स्वतःचा पिवळा परकर काढला, म्हणाल्या हा घे, या साडीवरचा दुसरा आहे माझ्याकडे.

तर आता सकाळपासून हॉलमध्ये कारखाना चालू आहे. परकराची नाडी गळ्याशी, खालचं टोक मांड्यांपाशी दुमडून धावदोरा, आत जुन्या उशीचा कापूस, आतून काळं थर्मल. पट्टे इलेक्ट्रिक टेपचे, दोनच झाले आणि टेप संपली. परागकण म्हणजे पिवळ्या लोकरीचे दोन गोंडे, पोटऱ्यांना रबरबँडने. आणि पंख ड्रायक्लीनिंगच्या तारेच्या हँगरचे, त्यावर माझे ऑफिसचे जुने पातळ मोजे ताणून बसवलेत. चार झालेत, त्यातला एक सारखा खाली लोंबतोय, तो म्हणे सहाव्या आठवड्यातला आहे. खाली बसून दाखव म्हटलं तर मांडी घालून बसली, वर लोळून पण दाखवलं, कापूस थोडा बाहेर आला.

काळी टेप कोणाकडे जास्तीची असेल तर सांगा, एडिसनच्या आसपास कुठेही येऊन घेऊन जाईन. त्या दुकानात मात्र आता टेपसाठीसुद्धा जाणार नाही.