बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली? अजिबात नाही

परदेशात नोकरीला गेलेल्या सोलापूरच्या पोरांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. घरी बिअर करणाऱ्या नवशिक्यांना त्यात सल्ला दिलाय: ‘हायड्रोमीटरवर पैसे घालवू नका. एअरलॉकमधले बुडबुडे थांबले की बाटल्या भरा. रीडिंग 1.020 ला अडकलं तर यीस्ट मेलं समजा आणि दुसरं पाकीट टाका. डबा उबेला ठेवा, जितकं गरम तितकं लवकर.’ नवख्यांसाठी: हायड्रोमीटर म्हणजे द्रवाची घनता दाखवणारी तरंगती काचनळी. पाणी 1.000, साखर विरघळली की आकडा वाढतो, यीस्ट ती खाऊन अल्कोहोल करतं तसा उतरतो. एअरलॉक म्हणजे आतला गॅस बाहेर सोडणारी झाकणावरची पाण्याची नळी.

मी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅब सांभाळतो, त्यामुळे राहवलं नाही. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरच्यापुरती करायला परवाना लागत नाही. म्हणजे हे तिकडच्यांसाठी. इथल्यांनी नुसतं वाचावं.

आता मीटरच घ्यायचा नाही, तर पुढच्याच ओळीत 1.020 दिसलं कुठून?

बुडबुड्यांचं म्हणाल, तर झाकणाचं रबर जरा सैल असलं की गॅस तिथूनच निघून जातो. एअरलॉक ढिम्म आणि आत आंबणं जोरात चालू. उलट खोली तापली की द्रवात विरघळलेला गॅस वर येतो आणि संपलेली बिअरही बुडबुडत राहते. खरं उत्तर एकच, दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन रीडिंग सारखी आली पाहिजेत. बिअर 1.012 ला थांबणार होती आणि तुम्ही 1.020 ला भरली, तर लिटरमागे 15 ग्रॅमहून जास्त साखर बाटलीत आंबायची राहिली. फेस यावा म्हणून बाटलीत मुद्दाम घालतात ती साखर लिटरला 6-7 ग्रॅम, आणि ती याच्यावर वेगळी. मग काच फुटते, आणि ती साधी फुटत नाही.

दुसरं पाकीट टाकण्याआधी रीडिंग खरं आहे का ते बघा. नमुना काढला की दोन भांड्यांत वर-खाली ओतून त्यातला गॅस घालवा. नाहीतर हायड्रोमीटरच्या काचेला बारीक बुडबुडे चिकटतात, तो वर उचलला जातो आणि आकडा फुगतो. हायड्रोमीटर सोडताना बोटांनी एक गिरकी द्या, डोळा द्रवाच्या पातळीत आणा, मग वाचा. बहुतेक बिअर हायड्रोमीटर 20 अंशांना जुळवलेले असतात. नमुना 30 अंशांचा असेल तर आकडा 0.002 ते 0.003 ने कमी दिसतो. आमच्याकडच्या ब्रिक्स स्पिंडलवर, म्हणजे साखरेची टक्केवारी (ब्रिक्स) दाखवणाऱ्या हायड्रोमीटरवर, 27.5 अंश लिहिलेलं असतं. तुमच्या मीटरवर काय लिहिलंय ते वाचा, आणि साध्या पाण्यात 1.000 दाखवतो का तेही एकदा तपासा.

‘अडकलं’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात मात्र रिफ्रॅक्टोमीटर असतो, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारा मीटर. आंबण्याआधी तो उत्तम. अल्कोहोल तयार झाला की तो फसतो. 1.050 ला सुरू होऊन 1.010 ला नीट संपलेली बिअर त्यावर 6 ब्रिक्सच्या आसपास दिसते, म्हणजे सरळ हिशोबाने 1.024. यीस्टनं काम चोख केलेलं असतं आणि आपण त्याचं श्राद्ध घालायला बसतो!

हायड्रोमीटरवरही 1.020 च आलं, तर कारण शोधा. धान्य 69-70 अंशांना भिजवलं असेल तर यीस्टला न पचणारी साखर जास्त उरते. लॅक्टोज (दुधातली साखर) घातलं असेल तर तेही आंबत नाही. तिथे दहा पाकिटं टाकलीत तरी काही होणार नाही. डबा थंड गॅरेजमध्ये असेल तर 20-21 अंशांच्या खोलीत आणा, तळाचं यीस्ट हलकेच हलवा आणि थोडे दिवस थांबा.

उबेचं खूळ कदाचित आमच्यासारख्यांकडूनच गेलं असेल. मळी आम्ही तिशीच्या वर आंबवतो, पण ती पुढे भट्टीत जाते, चव कुणाला हवीय? एल (ale) प्रकारच्या बिअरच्या यीस्टला साधारण 18 ते 22 अंश ठेवा. त्यातही आंबताना द्रव स्वतःच काही अंश तापतो. तिशीपार गेलात तर नेलपॉलिशसारखा वास येईल. नॉर्वेचं क्वाइक यीस्ट पस्तिशीतही छान चालतं, पण ते पाकीट वेगळं.

मेसेज वाचून ज्यांनी बाटल्या आधीच भरल्यात, त्यांनी त्या आज फ्रिजमध्ये ठेवा. हलवाहलव करू नका. उघडताना बाटलीला जाड टॉवेल गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घाला, आणि घरातली पोरं लांब पाठवा.