केस खरी असती तर एव्हाना सुटली असती?

आज म्हार्दोळला एका लग्नात पंगतीला शेजारी ओळखीचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी मामीच्या केसची चौकशी केली. चालूच आहे म्हटल्यावर सोलकढीची वाटी पुढे करत म्हणाले, "खरी असती तर एव्हाना सुटली असती गो." लग्नघर, म्हणून मी काही बोलले नाही. आता घरी आलेय आणि ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ही केस खाणीच्या धुळीने झालेल्या रोगाच्या भरपाईची. दावा मामाने लावला, तो गेल्यावर मामी चालवते. माझा मामा गोव्यात पाळी-वेळगेच्या बाजूला एका खाणीच्या स्क्रीनिंग प्लांटवर होता. खनिज माल फोडायचा, चाळायचा, जाड-बारीक वेगळा करायचा, ते काम. आधी एका ठेकेदाराकडे, मग काही वर्षं कंपनीच्या हजेरीवर, मग पुन्हा दुसऱ्या ठेकेदाराकडे. माणूस तोच, मशीन तेच, पगार देणारा हात फक्त बदलत गेला. दिवाळीपासून मृग लागेपर्यंत तिथे दहा पावलांवरचा माणूस ओळखू यायचा नाही. तोंडाला काय, तर पंचा बांधलेला.

डिचोली-सत्तरीतल्या माझ्या मैत्रिणींना ती लाल धूळ मी काय सांगणार. तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, शाळेच्या बाकांवर, सगळीकडे तीच. सोनशी गावच्या लोकांनी २०१७ मध्ये धुळीला आणि पाण्याच्या टंचाईला कंटाळून ट्रक अडवले तर ४५ जणांना अटक झाली. पण जी दिसते ती धूळ त्यातल्या त्यात बरी. ती नाकात, घशात अडकते, शिंकून-थुंकून निघते. माणसाला मारते ती न दिसणारी. दगडातल्या सिलिकाचे पाच मायक्रॉनहूनही बारीक कण श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथेच राहतात. त्यांच्याभोवती व्रण धरत जातो. काम सोडलं, हवा बदलली, तरी रोग थांबत नाही. आणि बहुतेकांना दहा-वीस वर्षं पत्ताच लागत नाही.

मामाला धाप लागायला लागली तेव्हा खाणी बंद झाल्या होत्या. बेकायदा खाणींवरचा शहा आयोगाचा अहवाल, सप्टेंबर २०१२ मधली सरकारी स्थगिती, ऑक्टोबरमधला सुप्रीम कोर्टाचा आदेश, ते सगळं तुम्हाला माहीत आहे. ठेकेदाराचं ऑफिस होतं तिथे आज मोबाईलचं दुकान आहे. हजेरीपट कुठे गेले, कोणाला माहीत नाही.

मामाला आधी टीबी म्हणून औषधं दिली. कोर्स पूर्ण झाला, धाप तशीच. पुन्हा औषधं. एका वयस्क डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून विचारलं, "बाबा, काम काय करायचात?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. मग त्यांनी सिलिकोसिस, म्हणजे याच सिलिकाच्या धुळीचा रोग, असं लिहून दिलं आणि मामाने, चालता येत होतं तोवर, दावा लावला.

आता वर्षं कुठे जातात ते ऐका.

कंपनीचं पहिलं म्हणणं, हा आमचा कामगारच नव्हता, ठेकेदाराचा. दावा ज्याखाली लावला त्या १९२३ च्या भरपाई कायद्यात सरळ लिहिलं होतं की ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी मूळ मालकावरही येते. तरी त्यावर युक्तिवाद झाला, लेखी उत्तरं झाली, मुदती मागून झाल्या. मग दुसरं, दावा मुदतीत नाही. इथे मला खरा संताप येतो. त्या कायद्यात मुदत दोन वर्षांची. कधीपासून मोजायची? रोगामुळे सलग कामावर येता आलं नाही, त्या गैरहजेरीच्या पहिल्या दिवसापासून. ज्याची खाणच बंद झालीय तो माणूस गैरहजर कुठून राहणार? पाय घसरून पडलेल्या कामगाराला तारीख असते, वेळ असते, बघणारे चार जण असतात. फुफ्फुस कोणत्या तारखेला गेलं हे मामाने कुठून सांगायचं होतं?

उशीर माफ करायचा अधिकार, ज्यांच्यापुढे दावा चालतो त्या आयुक्तांना होता आणि तो त्यांनी वापरला, हे मान्य करते. पण तेवढं ठरेपर्यंत मामा ऑक्सिजनवर गेला होता.

मग आली बिडी. हो, मामा बिडी ओढायचा. पण बिडीने सिलिकोसिस होत नाही, तो सिलिकानेच होतो. हे पहिल्या वर्षाच्या मेडिकलच्या पोराला विचारा. तरी उलटतपासणीत दिवसाला किती, कितव्या वर्षापासून, घरात आणखी कोण ओढतं? मामी पदर तोंडाशी धरून उत्तरं देत होती. नवऱ्याचं व्यसन चारचौघांत कबूल करताना एखादा गुन्हा आपणच केलाय अशी तिची मान खाली गेलेली. मी बाकावर बसून बघत होते. त्या दिवसाबद्दल मी कितीही लिहिलं तरी माझं समाधान होणार नाही.

आणि टीबी. दोनदा टीबीची औषधं घेतलीत म्हणजे टीबीच असणार, असं म्हणणं. अहो, सिलिका बसलेल्या फुफ्फुसात टीबी लवकर शिरतो, दोन्ही एकत्र असू शकतात. पण हे सांगायला डॉक्टर साक्षीला हवेत. त्यांची बदली झालेली. समन्स जुन्या पत्त्यावर गेलं. एका समन्समध्ये एक पावसाळा गेला.

मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहिलंय? हृदय व श्वसनक्रिया बंद पडून. जगातला कुठला माणूस याशिवाय मरतो? शवविच्छेदन करून फुफ्फुसाचा तुकडा ठेवायला हवा, हे त्या रात्री आम्हाला कोणीही सांगितलं नाही. आणि आज विचारतात, पुरावा कुठे आहे.

पुरावा कुठे आहे हे त्यांनाच माहीत आहे! खाण कामगाराची दर पाच वर्षांनी वैद्यकीय तपासणी करायची, असा नियम होता. मामाची छाती तपासली जायची, एक्स-रे निघायचा, त्याला आठवत होतं. फिल्म कधी हातात दिली नाही, "सगळं ठीक" एवढंच तोंडी. ते एक्स-रे मागितले तर उत्तर आलं की जुनं रेकॉर्ड उपलब्ध नाही. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांना सांगितलं होतं की कामगाराच्या तब्येतीची कागदपत्रं नोकरी लागल्यापासून ४० वर्षं, किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपा. कारण कोर्टाला कळलं होतं की अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीचा रोगही उशिरा वर येतो. मग आमच्या खाणींच्या धुळीला वेगळा न्याय का? (आणि ती याचिकासुद्धा १९८६ ची. नऊ वर्षं.)

मुद्दा माझा एवढाच आहे. सिद्ध करायचं ओझं आजारी माणसावर आणि सिद्ध करणारे कागद समोरच्याच्या कपाटात. ज्याला थांबणं परवडतं त्याने थांबायचं, आणि ज्याचा श्वास मोजका आहे त्याने तारखा घ्यायच्या. उशीर त्यातूनच जन्मतो.

जपानमध्ये मिनामाताला हेच झालं. पाऱ्याचा आजार १९५६ मध्ये उघड झाला. १९५९ मध्ये चिस्सो कंपनीच्या स्वतःच्या डॉक्टरने मांजरावर प्रयोग करून कारखान्याच्या सांडपाण्यानेच तो होतो हे पाहिलं होतं. कंपनीने ते दाबलं आणि १९६८ पर्यंत पाणी सोडत राहिली. कोर्टाचा मोठा निकाल १९७३ चा. २०२३ मध्येसुद्धा ओसाकाच्या कोर्टात आणखी १२८ जणांना पीडित म्हणून मान्यता मिळाली. अमेरिकेत लष्कराच्या कॅम्प लेज्यून तळावर १९५३ ते १९८७ माणसं दूषित पाणी प्यायली. त्या राज्याचा कायदा म्हणे दहा वर्षांच्या आत या, आणि कॅन्सर त्यानंतर येणारा. शेवटी २०२२ मध्ये खास कायदा करावा लागला. सगळे खोटे होते काय हे लोक?

आपल्या जवळचं सांगू? झाबुआ, अलिराजपूरचे आदिवासी गोध्रा-बालासिनोरच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत कामाला गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. २००६ च्या सुमारास प्रकरण सुप्रीम कोर्टात. २०१० मध्ये मानवाधिकार आयोगाने भरपाई द्या म्हटलं, गुजरात सरकारने दिली नाही. २०१६ मध्ये कोर्टाने २३८ मृतांच्या घरच्यांना तीन-तीन लाख द्यायला लावले. दहा वर्षं, आणि हातात आले ते एका माणसाचे तीन लाख.

खोटे दावे होतात, हे मला कळतं. प्रत्येक खोकला खाणीचा नसतो आणि पुराव्याशिवाय निकाल दिला तर उद्या कोणीही उठेल. खाणीच्या पैशावर आमचीही शिक्षणं झाली, मामानेच माझी कॉलेजची फी भरली होती. म्हणूनच तर लिहितेय. त्याच १९२३ च्या कायद्यात २००९ मध्ये दुरुस्ती करून लिहिलं होतं की आयुक्तांनी तीन महिन्यांत निकाल द्यावा. तीन महिने! मामी सकाळच्या बसने भाजी-चपातीचा डबा घेऊन जाते, "आज नाही, पुढची तारीख" ऐकते, व्हरांड्यातच डबा खाते आणि परत येते. घरी आल्यावर आधी विचारते, "तुझी रजा फुकट गेली ना बाय?" तिला पैशाचं फार नाही. मामा कशाने गेला हे कोणीतरी सरकारी कागदावर लिहावं एवढंच तिला हवंय.

आता काम. वकील म्हणतात, त्या काळात प्लांटवर बरोबर असलेल्या एखाद्याचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर बाजू बळकट होईल. पाळी, वेळगे, सुर्ला, आमोणा, मये भागातले कोणी १९९० ते २०१२ मध्ये स्क्रीनिंग प्लांट किंवा क्रशरवर असाल, किंवा तुमचे वडील, काका, भाऊ असतील, तर मेसेंजरवर कळवा. जुनी पगाराची चिठ्ठी, गेट पास, पीएफची स्लिप, गणवेशातला एखादा फोटो, काहीही चालेल. कंपनीचं नाव इथे कमेंटमध्ये लिहू नका, केस चालू आहे. मूळ कागद कोणालाही देऊ नका, मलासुद्धा नको. मी घरी येऊन फोटो काढून घेईन.