‘मॅरेथॉनवर लावा, हमखास कमवा’ म्हणे!

परवा पावसहून काकूचा फोन. “अरे, तू रोज सकाळी भाट्याच्या पुलावरून धावतोस ना, मग तुला ठाऊक असेल. यातलं कुठलं अ‍ॅप बरं?” मला वाटलं, पावलं मोजायचं अ‍ॅप विचारते. मग तिने मॅरेथॉनवर अ‍ॅपमधून पैसे लावायला सांगणारा तो मेसेज पाठवला आणि माझं डोकंच फिरलं. हाच मजकूर याआधी आमच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपवर आला होता, मग वाडीच्या ग्रुपवर. दोन्ही वेळा मी गप्प बसलो. पण काकूकडे आंब्याच्या पेट्यांचे आगाऊ पैसे आलेत, आणि ते मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसले तरी मला माहीत आहेत.

मेसेजात हिरव्या टिका मारून पाच गोष्टी सांगितल्यात. क्रिकेटमध्ये फिक्सिंग असतं, मॅरेथॉनमध्ये नसतं. ज्याची आजवरची वेळ चांगली त्याच्यावर लावा. हरलात तर पुढच्या शर्यतीला दुप्पट लावा. परदेशी परवान्याचं, मोठा बोनस देणारं अ‍ॅप निवडा. आणि हा कौशल्याचा खेळ, म्हणून पूर्ण कायदेशीर.

वेळेचं आधी उरकतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. धावपटूची वेळ, हवामान, रस्त्याचा चढउतार बघितला तर कोण पुढे राहील याचा अंदाज येतो. बरं, येतो. पण अंदाज येणं वेगळं आणि त्यावर पेटीचे पैसे लावणं वेगळं. केनियाचा दिग्गज धावपटू एलिउद किपचोगे 2013 नंतर एकही मॅरेथॉन हरला नव्हता. 2020 ला लंडनमध्ये पावसाथंडीत त्याचा कान बंद झाला आणि गडी आठवा आला. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो तिसाव्या किलोमीटरनंतर रस्ता सोडून चालू लागला, आणि सुवर्ण जिंकलं इथिओपियाच्या तामिरात तोलाने, जो मुळात राखीव होता. संघातला एक जण दुखावला म्हणून त्याला घेतलेलं. 2018 ला बॉस्टनमध्ये गारठा, पाऊस आणि समोरून वारा. जिंकला कोण, तर सरकारी कचेरीत नोकरी सांभाळून धावणारा जपानचा युकी कावाउची. बायकांत दुसरी आली ती इस्पितळात काम करणारी एक नर्स, तिचं नावही तोवर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि वेळेची तुलना तरी कशी करणार? बॉस्टनचा रस्ता एका टोकाहून दुसऱ्या टोकाला उताराने जातो, म्हणून 2011 ची जेफ्री मुताईची 2:03:02 ही वेळ विश्वविक्रम म्हणून धरलीच नाही. मेसेजात यातलं काही नाही.

शिवाय हे सगळं सट्ट्याचे भाव ठरवणाऱ्याला तुमच्याआधी कळलेलं असतं. भाव 2.5 म्हणजे एक रुपया लावून जिंकलात तर हाती अडीच. समजा चार जणांचे भाव 2.5, 3, 4 आणि 6 आहेत. चौघांपैकी कुणीही जिंको, आपल्या हाती 100 रुपये यावेत असं वाटत असेल तर अनुक्रमे 40, 33, 25 आणि 17 लावावे लागतात. करा बेरीज. 115 होतात. शंभर मिळवायला एकशे पंधरा! आणि मागून धावणारे बाकीचे अजून मोजलेलेच नाहीत.

‘फिक्सिंग नसतं’ यावर तर हसावं की रडावं. एप्रिल 2024 मध्ये बीजिंगच्या हाफ मॅरेथॉनमध्ये तिघे आफ्रिकी धावपटू शेवटी चक्क हळू झाले आणि चीनच्या ‘हे जिये’ नावाच्या धावपटूला पुढे जायला हात केला. त्यातल्या एकाने नंतर सांगितलं की आम्हाला वेग धरून द्यायलाच आणलं होतं. चौघांचीही पदकं काढून घेतली. केनियाची रूथ चेपनगेटिच 2024 ला शिकागोत 2:09:56 धावली, दोन तास दहाच्या आत येणारी पहिली बाई. पुढच्या वर्षी बंदी असलेल्या औषधाच्या प्रकरणात तीन वर्षं घरी. शुद्ध खेळ म्हणे.

दुप्पट लावायचं सूत्र शाळेतल्या पोरालाही उलगडेल. शंभरापासून सुरुवात करून सात वेळा हरलात की 12,700 गेलेले असतात, आणि आठव्यांदा 12,800 लावायचे, कशासाठी, तर मूळचे शंभर कमवायला. पुढे जाऊ.

आता अ‍ॅप. खरा घात इथे आहे, आणि हे मी ऐकीव सांगत नाही. काकूचा धाकटा, माझा चुलतभाऊ, दोन महिन्यांपूर्वी याच वाटेने गेला. आईला अजून पत्ता नाही. (आता लागेल. लागू दे.) अ‍ॅप प्ले स्टोअरवर नव्हतं, टेलिग्रामवरून एपीके, म्हणजे अ‍ॅप थेट फोनमध्ये टाकायची फाइल आली. टाकताना त्या फाइलने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, याने दिली. म्हणजे बँकेचा ओटीपी कुणाच्या दारात गेला ते बघा. मग 2,000 भरले. क्यूआर कोड दर वेळी वेगळा, आणि खाली नाव कधी कुणा बाईचं, कधी एका फुलवाल्याच्या दुकानाचं. मी विचारलं, “अरे, एवढी मोठी परदेशी कंपनी आणि पैसे फुलवाल्याला?” तर म्हणतो, “सगळे असंच घेतात.” सगळे असंच घेतात, कारण भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पैसा फिरवायचा असतो. उद्या पोलिसांनी त्या साखळीतली खाती गोठवली तर त्यात आपलंही सापडू शकतं.

स्क्रीनवर त्याचे 9,400 झाले. काढायला गेला तर आधी 28 टक्के जीएसटी भरा, 2,632 रुपये. भरले. मग ‘खाते पडताळणी’चे तीन हजार मागितले, तेव्हा कुठे शुद्धीवर आला. जिंकलेल्या रकमेवरचा कर त्या रकमेतूनच कापला जातो. काढण्याआधी वर पाठवा असं कुठलंच करखातं सांगत नाही. हे एवढं एक वाक्य माहीत असतं तरी निदान दुसरा हप्ता वाचला असता.

आणि तो परवाना? कुराकाओचा. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचं बेट ते. पावसच्या माणसाने तिथे तक्रार करायची कशी, पोस्टकार्ड टाकून?

कायद्याचं शेवटी घेतो, कारण त्यात वादाला जागाच नाही. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत कौशल्याची ठरवली, हे खरं. मेसेज लिहिणाऱ्याने तेच कुठेतरी वाचून माणसांच्या शर्यतीला चिकटवलेलं दिसतं. पण 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात स्वच्छ लिहिलंय की पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोन्हींचा, त्याला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, हेही कबूल. पण मेसेजाच्या शेवटी ‘11 ग्रुपला पाठवा’ म्हणणाऱ्यांनी जाहिरातीचं कलम एकदा सावकाश वाचावं.

एवढं सगळं काकूला फोनवर सांगितलं. चुलतभावाने सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार केली तीही चार दिवस उशिरा, हेही सांगितलं. पलीकडे शांतता. मग म्हणाली, “ते राहूदे रे. पण दोन हजार बोनस फुकट देतात म्हणून लिहिलंय, तेवढाच घेऊन बाहेर नाही येता यायचं?”

रविवारी पावसला जातोय. तिच्या फोनमधला तो मेसेज मी स्वतः पुसणार आहे.