‘सेट’ एक नव्हे, दोन शब्द

इंग्रजीतल्या ‘सेट’ (set) या शब्दावरचा तुमचा लेख वाचला. ‘सेट या एकाच शब्दाला शेकडो अर्थ फुटले’ हे त्यातलं विधान अर्धंच खरं आहे. ठेवणे, बसवणे या अर्थाचं क्रियापद जुन्या इंग्रजीतलं. पण संच या अर्थाचा सेट जुन्या फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन ‘सेक्टा’. ‘सेक्ट’ म्हणजे पंथ, त्याचाच हा भाऊ! पुढे रूप एक झालं आणि अर्थही एकमेकांत मिसळले. १९८९च्या ऑक्सफर्ड कोशात क्रियापदाचेच ४३०च्या आसपास अर्थ होते, हे मात्र खरं.

भाषांतर करताना मी या शब्दाशी रोज झटते. सूर्य मावळतो, हाड बसवतात, गजर लावतात, सापळाही लावतात. इंग्रजीत सगळीकडे सेट! पण आपलं ‘लावणे’ काय कमी आहे? दिवा, दार, रोप, जीव, अर्थ, सगळं लावतोच की. त्याचा लेखात उल्लेखही नाही, याचं वाईट वाटलं.