काही आराम?

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढे निदान अर्धा तास चहाचं नाव काढायचं नाही. हा अर्धा तास कुठल्याही गावात जडच जातो. पण आम्ही राहतो इंदुरात, रामबागेत, आणि आमच्या गॅलरीखाली पोहेवाल्याची गाडी. वाफेवरचे पिवळेधमक पोहे, त्यावर मूठभर शेव, जिरावणाची चिमूट, कांदा, लिंबू. शेजारच्या कढईत जलेबी फुगतेय. मी वरून कोरड्या तोंडाने घड्याळ बघते.

तरी हा छळ मी सोसला असता. खरा छळ आहे तो "काही आराम?" या प्रश्नाचा. गोळी सुरू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी तो विचारला. मग पुण्याहून नणंदेने फोनवर, जिन्यात खालच्या भाभींनी "कुछ फरक?" म्हणून, आणि फरशी पुसता पुसता माझ्या कंबरेकडे स्पष्ट संशयाने बघत कामवाल्या बाईंनी. सगळ्यांचं निदान एकच: गोळी लागू पडत नाही, डॉक्टर बदल.

वास्तविक गोळी बिचारी वेळेवर पोचते. काही तासांत ती रक्तात असते. पण तिथून गोळीतल्या हॉर्मोनने पेशीच्या केंद्रकात शिरायचं, जनुकांना कामाला लावायचं, नवी प्रथिनं बनवून घ्यायची, तेव्हा कुठे अंगाला कळणार. शिवाय तिचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे 7 दिवसांचा, म्हणजे रक्तातली पातळीच स्थिर व्हायला महिनाभर जातो. म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉईडला हुकूम सोडणाऱ्या हॉर्मोनची रक्तातली पातळी, पुन्हा तपासायची ती 6 ते 8 आठवड्यांनी. हे मी सासूबाईंना नीट समजावलं. त्या म्हणाल्या, "अगंबाई! मग तोवर गोळी करते काय?"

प्रश्न चोख होता. औषधशास्त्रवाल्यांनीही त्यावर बराच घाम गाळलाय. आमचा भाचा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी आला की तो आधी पोहे खातो आणि मग पोह्यांच्याच कागदावर शिकवतो. आडव्या रेघेवर रक्तातलं औषध, उभ्या रेघेवर परिणाम. रेघ ज्या वाटेने वर गेली त्याच वाटेने खाली यावी की नाही? येत नाही. रक्तात औषध चढलं तरी परिणाम मागे रेंगाळतो, आणि औषध उतरायला लागलं तरी हा अजून वरच. मिळून एक फुगीर वेटोळं तयार होतं. त्याला हिस्टेरेसिस म्हणतात. 1979 मध्ये लुईस शायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायू सैल करणाऱ्या एका औषधासाठी यावर तोड काढली. शरीरात एक जादा खोली आहे असं धरायचं. रक्तातून औषध त्या खोलीत हळूहळू झिरपतं आणि परिणाम रक्ताकडे न बघता खोलीकडे बघून होतो.

"कुठे असते रे ही खोली?" सासूबाई.

"कुठेच नाही आजी, फक्त गणितात."

"मग बरंय. झाडायला नको."

पण उशिराचं खरं नाट्य आमच्या अप्पांचं. हृदयाची झडप बदलल्यावर त्यांना वॉरफेरिन सुरू झालं, रक्त गोठू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा, आकडा जेमतेम हलला होता आणि अप्पा डोस वाढवायला निघाले होते! डॉक्टरांनी थोपवलं. वॉरफेरिन रक्तात असलेल्या गोठवणाऱ्या घटकांना हातही लावत नाही, यकृतात नवे बनायचे तेवढे अडवतं. जुने आपापल्या गतीने संपणार: सातवा घटक 6 तासांत निम्मा होतो, पण प्रोथ्रॉम्बिन नावाचा घटक निम्मा व्हायलाच अडीच-तीन दिवस लागतात. तोवर धीर धरायचा आणि रक्त गोठणं लगेच रोखणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं घ्यायची. सगळा जन्म कापड मिलच्या विव्हिंग खात्यात काढलेल्या अप्पांना हे आमच्या आधी उमगलं. "मिलला टाळं लागलं म्हणून एम. टी. क्लॉथ मार्केटातलं कापड त्याच संध्याकाळी संपतं का?" असं त्यांनी उलट आम्हालाच दरडावून विचारलं.

मग एक दिवस त्यांनी मोबाईलवर वाचलं की वॉरफेरिन 1948 पासून उंदरांसाठी विकलं जात होतं, माणसाची पाळी 1954 मध्ये आली. घरात हलकल्लोळ! भाच्याने आगीत तेल ओतलं: उंदीर मोठा वहमी, खाऊन लगेच पोट बिघडलं तर पुन्हा त्या वस्तूला तोंड लावत नाही. इथे परिणाम काही दिवसांनी दिसतो, म्हणून तो रोज विश्वासाने येऊन खातो. "म्हणजे उंदराएवढाही धीर नाही तुम्हाला," सासूबाई अप्पांना म्हणाल्या. 1955 मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर हेच औषध घेत होते, हे कळल्यावर अप्पा शांत झाले. आता पाहुण्यांना ते उंदरांचं सांगत नाहीत, आयझेनहॉवरचं सांगतात.

परवा माझा रिपोर्ट आला. टीएसएच अगदी हवी तिथे. सासूबाईंनी चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिला आणि लगेच पुण्याला फोन लावला.

"बघ, मेथीच्या पाण्याचा गुण! सोमवारपासूनच तर देत्येय तिला."